कोंबडीला चालते, माणसाला का नाही?

दसरा उलटला की लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते आणि आडत्यांना मान वर करायला सवड उरत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या खरिपाचे मोठे क्षेत्र आज याच पिकाखाली आहे. बाजारातून माल तेलगिरणीत जातो. दाण्यातले १८ ते २० टक्के तेल डब्यांत भरून घरोघर पोचते. प्रथिने जिच्यात उरतात ती पेंड कोंबडीखाद्याच्या कारखान्यांकडे किंवा परदेशी रवाना होते. ज्याच्या शेतात हे पीक उभे असते, त्याच्या घरी वरण मात्र तुरीचेच शिजते. सोयाबीन का शिजत नाही, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात: ते ढोरांचे खाणे, पुरुषांना बाधते, बायकांना कॅन्सर होतो, थायरॉइड बिघडते.

पुरुषांची भीती आधी तपासू. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात. त्यांची रचना स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनशी थोडी जुळते, म्हणून बोभाटा झाला. पण रचना जुळली म्हणजे जोर सारखा होत नाही. शरीरातल्या इस्ट्रोजेनपुढे ही द्रव्ये फार दुबळी ठरतात. पुरुषांवर झालेले प्रयोग एकत्र करून २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हिशेब मांडला गेला. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघाला: सोयामुळे टेस्टोस्टेरॉन घटत नाही. मग स्तन वाढलेल्या माणसाची गोष्ट आली कुठून? अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थाची नोंद २००८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ते रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होते. दूध बंद केल्यावर त्रासही ओसरला. या उदाहरणावरून वाटीभर उसळ खाणाऱ्याला घाबरवायचे काहीच कारण नाही.

स्तनाच्या कर्करोगाची भीती उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. गाठी रुजवलेल्या उंदरांना सोयातले जेनिस्टाइन दिल्यावर गाठी वाढल्या. मात्र उंदीर ही द्रव्ये माणसासारखी पचवत नाहीत. माणसांचे काय होते, हे शांघायमध्ये पाहिले गेले. स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांच्या आहाराचा आणि प्रकृतीचा तिथे काही वर्षे मागोवा घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या जेवणात सोया जास्त होते त्यांच्यात मृत्यूचे आणि रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. हे निरीक्षण आहे, त्यामुळे सोयाने कर्करोग बरा होतो असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण सोयाने तो बळावतो, हा आरोप मात्र त्यापुढे टिकत नाही. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा. त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

थायरॉइडच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. थायरॉइडची गोळी आणि सोया एकाच वेळी पोटात गेले तर गोळी नीट शोषली जात नाही. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवले की अडचण सुटते. ज्यांची ग्रंथी निरोगी आहे आणि आहारात आयोडीनयुक्त मीठ आहे, त्यांना सोयामुळे अपाय होतो असे दिसलेले नाही.

‘ढोरांचे खाणे’ या शेऱ्यामागे एक खरा अनुभव आहे. कच्च्या दाण्यात पचनात अडथळा आणणारा ट्रिप्सिन इन्हिबिटर असतो, शिवाय त्याचा उग्र वास येतो. पण दोन्हींवर उष्णतेचा उतारा आहे. कोंबडीखाद्याची पेंडसुद्धा उष्णतेची प्रक्रिया केलेलीच असते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर या इन्हिबिटरचा मुख्य प्रकार नसलेला एनआरसी १२७ हा वाणच तयार केला आहे. राहिला जनुकबदलाचा मुद्दा. भारतात तशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे इथल्या शेतातल्या दाण्यावर तो आक्षेप लागू होत नाही.

सोयाच्या भाटांनाही प्रश्न विचारलाच पाहिजे. रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनांनी हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे वेष्टनावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी दिली. २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, कारण नंतरचे पुरावे एका सुरात बोलत नव्हते. वाईट कोलेस्टेरॉल तीन-चार टक्के उतरते, इतकेच आज भरवशाने म्हणता येते. हा लाभ आहे, पण औषधाची चिठ्ठी फाडून टाकण्याइतका नाही. साध्या सोया दुधात गाईच्या दुधाइतके कॅल्शियम नसते, आणि काहींना सोयाची ॲलर्जीही असते.

एवढी वजावट करूनही बाकी भक्कम उरते. सोयाबीनच्या दाण्यात ३६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. तुरीत साधारण २२. वनस्पतिजन्य प्रथिनांत दर्जाच्या बाबतीत सोया दूध-अंड्यांच्या जवळ जाते. ज्वारी-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते सोयात भरपूर असते. म्हणून भाकरीसोबत सोया खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. पैशाचा हिशेबही करून पाहावा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तुरीचा ७,५५० रुपये. या भावाने एका रुपयात सोयाबीनमधून सात ग्रॅमहून जास्त प्रथिने मिळतात, तुरीतून तीनही नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ मध्येच जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले. गरिबाला परवडणारे सकस अन्न कोणते, हाच त्यांचाही प्रश्न होता.

सोया पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्यांनी दाणा नुसता उकडून ताटात वाढला नाही. चीनमध्ये त्याचा टोफू झाला, जपानने मिसो आणि नात्तो आंबवले, जावा बेटावर टेंपे तयार झाले. आपल्याकडे एवढा खटाटोप नको. दाणे रात्रभर भिजवावेत, पाणी फेकून द्यावे (गॅस कमी होतो) आणि कुकरमध्ये मऊ शिजवून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उसळ करावी. दळणात घालायचे असतील तर कच्चे दाणे गव्हात मिसळू नयेत. ते आधी उकडून, वाळवून घ्यावेत आणि नऊ किलो गव्हाला एक किलो असे प्रमाण ठेवावे. पोळीची चव फारशी बदलत नाही. महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहारात २०२४ मध्ये ठरवलेल्या पाककृतींत सोयाबीन पुलावही आहे. तो शाळेत आवडीने खाणाऱ्या मुलाला घरच्या डब्यात सोयाबीनची उसळ द्यायला हरकत घ्यावी, असा एकही पुरावा वर तपासलेल्या आक्षेपांत सापडत नाही.