पट आणि पंगत

आज गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत पटावरची झाडून सगळी मुले दिसतील. इस्त्रीचा गणवेश, प्रभातफेरी, झेंडावंदन आणि शेवटी हातावर पडणारी जिलेबी. स्वातंत्र्यदिनाला दांडी मारणारे पोर विरळाच. शाळेची खरी परीक्षा होते ती श्रावणातल्या एखाद्या साध्या मंगळवारी. आई खुरपणीला गेलेली, धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नाही, रस्त्यात गुडघाभर चिखल. अशा दिवशी दुसरीतली मुलगी वर्गात येते का? तिने यावे म्हणून केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी शाळेतल्या जेवणाची जी योजना सुरू केली, तिने आता तिशी ओलांडली आहे.

सुरुवात मात्र विचित्र होती. बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न नव्हतेच. महिन्याला तीन किलो धान्य मिळे, आणि अट ८० टक्के हजेरीची. आपल्याकडे तो ‘शाळेचा तांदूळ’ आजही अनेकांना आठवतो. गरिबाच्या घरचा तांदूळ आपल्या पेनाच्या एका फुलीने तुटावा, हे कोणत्या गुरुजींना पाहवेल? त्यामुळे हजेरीपत्रक भरले, वर्ग भरलाच असे नाही. शिवाय पिशवीतून घरी गेलेला तांदूळ सगळ्या घराचा होई. शाळेत आलेल्या पोराच्या पोटात त्यातला किती गेला, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

तमिळनाडूने हा पेच फार आधी सोडवला होता. माजी मुख्यमंत्री कामराजांनी घातलेल्या पायावर मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये राज्यभर शाळकरी जेवण उभे केले, तेव्हा खर्चावरून त्यांची भरपूर टिंगल झाली. बाकीच्या बहुतेक राज्यांना जाग आली ती २००१ च्या नोव्हेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने: शिजवलेले जेवण, किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाला निदान २०० दिवस. त्यानंतरही चुली पेटायला बऱ्याच ठिकाणी काही वर्षे गेली.

कोरडे धान्य जाऊन ताटात गरम अन्न आल्याने काय बदलले, हे मध्य प्रदेशातल्या खेड्यांत अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी तपासले. पहिलीतल्या मुलींची हजेरी बारा टक्केबिंदूंहून अधिकने वाढलेली दिसली; मुलग्यांच्या हजेरीत तसा ठोस फरक नव्हता. यात नवल नाही. मुलग्याला शाळेत धाडायचे हे घराने आधीच ठरवलेले असते. मुलीचा निर्णय रोज सकाळी नव्याने होतो, आणि दुपारचे जेवण तिकडेच होणार म्हटल्यावर तो तिच्या बाजूने झुकतो. हजेरीची अट कागदावर पाळता आली; खिचडीसाठी मात्र दुपारी पंगतीत बसावेच लागते.

‘मुले खिचडी खाऊन पळतात’ ही तक्रार जुनी आहे, आणि काही ठिकाणी खरीही. पण मधल्या सुट्टीनंतर वर्ग रिकामा होत असेल तर तो दोष खिचडीचा कसा? पोराला दारापर्यंत आणण्याचे काम तिने केले. पुढचे तास गुरुजींचे, आणि गुरुजींना तांदळाची पोती मोजायला लावणाऱ्या खात्याचे.

साठ मुले जेवणार असतील तर नियमाप्रमाणे सहा किलो तांदूळ, सव्वा किलोच्या आसपास डाळ, तीन किलो भाजी आणि तीनशे ग्रॅम तेल लागते. ते निवडायचे, धुवायचे, शिजवायचे, वाढायचे, मागची भांडी घासायची. वाढण्यापूर्वी कुणीतरी मोठ्याने घास खाऊन चव नोंदवहीत सही करायची. ही सही किती मोलाची, हे २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचे जेवण जेवून दगावलेल्या २३ मुलांनी दाखवले. एवढे सारे ज्या बाईच्या जिवावर चालते, त्या स्वयंपाकी-मदतनीस ताईंना महाराष्ट्रात महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे, म्हणजे दिवसाला शंभर. खुरपणीला गेली तर जास्त मिळेल. केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले हजार रुपये तर अजून हजारच आहेत. याला मानधन म्हणण्यातला मान कुठे आहे, हे शोधावे लागते.

अंड्याची गत आणखी वाईट. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे ठरवले. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला आणि शाळांना लोकसहभागाकडे बोट दाखवले. ज्या वस्तीवर पालकच हातावर पोट घेऊन जगतात, तिथे वर्गणी कुणाकडून काढायची? एवढ्या मोठ्या राज्याने पोराच्या ताटातल्या एका अंड्यावर काटकसर करावी, हे शोभत नाही.

जेवणाची ओढ जिथे पुरी पडत नाही, तिथेच आज सर्वाधिक लक्ष हवे. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे पोरांनाही फडावर नेते, कारण संध्याकाळची भाकरी कोण घालणार? दुपारच्या खिचडीकडे त्याचे उत्तर नाही. त्यासाठीच हंगामी वसतिगृहांची सोय निघाली: मूल गावातच आजी-आजोबांपाशी राहील, शाळेच्या जेवणाशिवाय सकाळ-संध्याकाळचेही जेवेल. पण मंजुरी आणि पैसे टोळ्या निघाल्यावर आले तर मूल कोपीवर, फडावरच्या झोपडीत, पोहोचलेले असते. अजून ऑगस्ट आहे. जिल्हा परिषदांनी याद्या आताच करायला घ्याव्यात, आणि मंत्रालयाने निधी सप्टेंबर संपायच्या आत सोडावा.