तपासणी बंद करायला सांगू नका

इचलकरंजीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आम्हाला जेवायची फुरसत नसते. देखाव्याचं चित्र, मागे धबधबा, वर ढग, आणि सगळं उद्या सकाळी! म्हणून गेल्या वर्षी कॉम्प्युटरवर स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारं एआय बसवलं. ते ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि तेव्हापासून हौशी लोकांनी त्याला आपापली शैली शिकवून कितीतरी सुधारित मॉडेलं फुकट वाटली. त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत.

एका रात्री असंच एक मॉडेल उतरवलं, ते चालेना. इशारा आला की फाइल घातक असू शकते, म्हणून वाचणार नाही. खालीच ही तपासणी टाळायची सोयही दिली होती. दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, व्हिडिओत हेच सांगितलंय. तपासणी बंद करायची, अँटीव्हायरसपण पाच मिनिटं बंद. सगळे तसंच करतात.”

मी त्याला थांबवलं. त्याच कॉम्प्युटरवर दुकानाचं बँक खातं होतं, जीएसटीचा पासवर्ड होता, गिऱ्हाइकांच्या घरचे फोटो होते.

ती फाइल सीकेपीटी प्रकारची होती. अशी फाइल पायथॉनच्या ‘पिकल’ पद्धतीने बांधलेली असते. आपल्याला वाटतं आत नुसते आकडे आहेत, पण त्यात हुकूमही दडवता येतात, आणि फाइल उघडताक्षणी ते चालतात. चार जीबीच्या फाइलमध्ये ते डोळ्यांनी कोण शोधणार? सेफटेन्सर्स प्रकारच्या फाइलमध्ये फक्त आकडे आणि त्यांची यादी असते, चालवण्यासारखं काही नसतं. तेच मॉडेल त्याच पानावर सेफटेन्सर्समध्येही ठेवलेलं होतं. व्हिडिओवाल्याने ते एका वाक्यात सांगायला हवं होतं. हजारो लोकांना दाराची कडी काढायला सांगणाऱ्याला मी निष्काळजी म्हणते, मग तो कितीही चांगला शिकवत असो.

मॉडेलांखेरीज लोक जोडण्याही (एक्स्टेन्शन) उतरवतात. त्या तर सरळ प्रोग्रामच असतात, तिथे सेफटेन्सर्सचाही उपयोग नाही. जून २०२४ मध्ये, स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या कम्फीयूआय या प्रोग्रामसाठीची एलएलएमव्हिजन नावाची जोडणी ब्राउझरमधले पासवर्ड आणि कार्डाची माहिती चोरते, हे उघडकीला आलं. ज्यांनी ती बसवली तीही आमच्यासारखीच कामाच्या घाईतली माणसं असतील. म्हणून मॉडेल वाटणाऱ्यांकडे माझं मागणं आहे: पिकलच्या फाइली काढून टाका, आणि प्रत्येक फाइलसोबत तिचा एसएचए-२५६ आकडा द्या, म्हणजे उतरवलेली फाइल तीच आहे का, हे ताडून पाहता येईल.

त्या रात्री सेफटेन्सर्सची फाइल घातली, तर चित्र निव्वळ काळं. मुलाचा चेहरा पडला. पण हा दोष फाइलचा नव्हता. आमचं जुनं सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड अर्ध्या अचूकतेच्या आकडेमोडीत गडबडत होतं. प्रोग्राम सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्ये ‘नो-हाफ’ ही सूचना जोडली. वेग बराच उतरला, पण पावणेदोनला धबधबा उमटला.

दुसऱ्या दिवशी बँकेचं आणि जीएसटीचं सगळं काम मी घरच्या लॅपटॉपवर हलवलं, आणि पासवर्डही बदलले.