विश्लेषण : माश्यांचा सापळा भरतो, तरी गुरे पाय का आपटतात?

पावसाळ्यात गोठा देवपूरमधला असो की रावेर तालुक्यातला, तक्रार एकच असते. खांबाला टांगलेला बाटलीचा सापळा दोन दिवसांत माश्यांनी काळा होतो आणि शेजारची गाय मात्र पाय आपटत, शेपटी झटकत उभी असते. मालकाला वाटते, सापळे कमी पडले. बहुतेक वेळा सापळे कमी नसतात, ते दुसऱ्याच माशीचे असतात.

खान्देशासाठी हा प्रश्न केवळ कटकटीचा नाही. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातला लम्पीचा पहिला रुग्ण ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावल येथे आढळला. पुढे काही आठवड्यांत गुरांचे बाजार बंद झाले. मृत जनावरामागे सरकारने मदत जाहीर केली : दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. आज चांगल्या दुभत्या गाईची किंमत विचारली, तर ही मदत किती पुरते हे वेगळे सांगायला नको. लम्पीचा विषाणू पसरवणाऱ्यांत डास आणि गोचिडांबरोबर रक्त पिणाऱ्या माश्याही आहेत.

माश्या दोन, सवयी वेगळ्या

गोठ्यात प्रामुख्याने दोन माश्या असतात आणि लांबून त्या सारख्याच दिसतात. पहिली साधी घरमाशी. ती चावत नाही. शेण, दूध, डोळ्यातले पाणी, जखम असे सगळे चाटत फिरते आणि जंतू इकडचे तिकडे करते.

दुसरी चावरी माशी, शास्त्रीय नाव स्टोमोक्सिस. तिच्या तोंडाला पुढे आलेली सुईसारखी सोंड असते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात, तेही मुख्यतः जनावराच्या पायांचे. गाय पाय आपटते ती हिच्यामुळे. पोट भरायला तिला काही मिनिटे पुरतात. मग ती उडून उन्हातल्या भिंतीवर, खांबावर किंवा कुंपणावर बसते आणि रक्त पचवते. जनावराने मध्येच झटकले, तर अर्धवट पोटाने दुसऱ्या जनावरावर जाते. रोग पसरण्याच्या दृष्टीने हे अर्धवट जेवणच सर्वांत धोक्याचे.

आता बाटलीचा सापळा आठवा. त्यात गुळाचे पाणी किंवा कुजके मासे असतात. घरमाशीला हा वास ओढतो. रक्तावर जगणाऱ्या माशीला त्यात फारसा रस नसतो. त्यामुळे सापळा भरलेला दिसतो आणि पायांवरच्या माश्या तेवढ्याच राहतात. त्यातही सापळा गव्हाणीच्या वर टांगला असेल, तर बाहेरच्या घरमाश्यांना आपणच आत बोलावतो. तो गोठ्यापासून थोडा दूर, बाहेरच्या बाजूला हवा.

मग चावरीला काय लावायचे?

ती वासापेक्षा रंगाला आणि चकाकीला भुलते. आफ्रिकेत त्सेत्से माशीसाठी निळ्या-काळ्या कापडाचे सापळे तयार झाले. त्यातला आयव्हरी कोस्टमधल्या वावुआ गावाच्या नावाचा सापळा चावऱ्या माशीलाही चालतो. अमेरिकेत चकाकणारे फायबरचे पत्रे चिकट करून उभे करतात. आपल्याकडे शेतात फुलकिड्यांसाठी लावतात तसा निळा चिकट पत्राही करून बघता येतो. अट एकच : तो छताला नको. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, उन्हात आणि जनावराची जीभ पोहोचणार नाही अशा जागी हवा. पावसाळ्यात धूळ आणि चिखलाने चिकटपणा जातो, म्हणून पत्रा वरचेवर बदलावा लागतो.

कापसात जे कळले, ते गोठ्यात का नाही?

खान्देशातल्या कापूस उत्पादकाला सापळा नवा नाही. गुलाबी बोंडअळीसाठी तो कामगंध सापळा लावतो. सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करतो. म्हणजे तिथे सापळा आधी मोजमापाचे साधन असतो. गोठ्यात मात्र तोच सापळा पूर्ण इलाज म्हणून विकला जातो, गडबड इथे आहे. सकाळी चार-पाच जनावरांच्या चारही पायांवरच्या माश्या मोजाव्यात. एका जनावरामागे सरासरी दहाच्या वर गेल्या, तर दुधाचे नुकसान सुरू झाले असे परदेशातले पशुकीटकतज्ज्ञ मानतात. २०१२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासाने या एका माशीमुळे एका दुभत्या गाईमागे वर्षाला सुमारे १३९ किलो दूध घटते, असा अंदाज काढला होता. आपल्या गाईंचा आकडा वेगळा असेल, पण तोटा रोजच्या कॅनमधूनच जातो.

माश्या येतात कुठून?

उकिरड्यातून. घरमाशीची एक मादी एका वेळी शंभरावर अंडी घालते आणि उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. चावरीला दोन-तीन आठवडे लागतात. तिला ताज्या शेणापेक्षा मूत्राने भिजलेला, कुजत पडलेला कडबा आणि गव्हाणीखाली सांडलेली वैरण जास्त आवडते. शेण रोज उचलले जाते, हा कोपरा राहून जातो. सापळ्यात शंभर माश्या मेल्या, तरी तेवढ्या तिथे एका दिवसात तयार होतात.

हा ओला थर आठवड्यातून दोनदा उचलला, तर अळीची माशी व्हायच्या आत साखळी तुटते. उकिरडा प्लॅस्टिकने घट्ट झाकला, की आतल्या उष्णतेने बऱ्याच अळ्या मरतात. शेण ताजे असतानाच गोबरगॅसमध्ये गेले तर उत्तमच. फवारणीवर एकट्याने भिस्त ठेवू नये. डीडीटीला घरमाश्या १९४० च्या दशकातच दाद देईनाशा झाल्या होत्या.

देवपूरसारख्या भागात, जिथे पांझरेच्या काठाने शहर वाढत गेले, अडचण आणखी एक आहे. चावरी माशी काही किलोमीटर उडू शकते. एकाने गोठा चकाचक ठेवला आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उकिरडा तसाच राहिला, तर पाय आपटणे थांबत नाही. खत उचलायचा वार गल्लीतल्या सगळ्या गोठेवाल्यांनी मिळून ठरवला तर फरक पडतो. लम्पीची लस मात्र यातल्या कशाहीमुळे टाळता येत नाही. ती पावसाळ्याआधी टोचून घ्यायला हवी, कारण माश्या वाढल्यावर टोचलेल्या लसीला परिणाम दाखवायला आणखी काही आठवडे लागतात.