ऊब घरून न्या!

डिसेंबर लागला की आमच्या हापिसात एक साथ पसरते. तळवडे असो नाहीतर हिंजवडी, लक्षणं सगळीकडे सारखीच. कॅन्टीनमध्ये चहाचा कप दोन्ही हातांत धरून कोणीतरी म्हणतं, "यार, या वीकांताला मस्त जंगलात जाऊ. एकदम रस्टिक! वनखात्याची साधी खोली, कडाक्याची थंडी, आणि रात्री शेकोटी..." त्या शेवटच्या शब्दावर सगळ्यांचे डोळे चमकतात. गेल्या वर्षापर्यंत माझेही चमकायचे. आज त्या शेकोटीविरुद्धच लिहायला बसलोय. ज्यांचं बुकिंग झालंय आणि मूड घालवायचा नाहीये, त्यांनी इथूनच परत फिरावं :)

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण मेळघाटात गेलो. पुण्याहून रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती, परतवाडा आणि मग घाटाचा रस्ता. 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली जी पहिली नऊ जंगलं निवडली, त्यातलं हे एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा. उद्यानाच्या अंगाला असलेल्या एका जुन्या विश्रामगृहात दोन खोल्या मिळाल्या. कौलारू छप्पर, खाटा, एक मिणमिणता दिवा. गिझर नाही, टीव्ही नाही, नेटवर्क शून्य. म्हणजे अगदी पाहिजे होतं तसंच.

संध्याकाळी सहालाच थंडी खाली उतरली. अक्षरशः खाली उतरली. थंड हवा जड असते, ती रात्री डोंगरउतारावरून घरंगळत दरीत येऊन साठते. त्यामुळे नदीकाठच्या खोलीत कधीकधी वरच्या पठारापेक्षाही जास्त गारठा असतो. आम्ही मात्र चिंचवडच्या थंडीच्या हिशोबाने एकेक हूडी घेऊन गेलेलो. दातावर दात आपटायला लागले.

खोल्या सांभाळणारे एक कोरकू गृहस्थ होते, पन्नाशीचे. आम्ही त्यांना काका म्हणत होतो, ते आम्हाला साहेब.

"काका, जरा शेकोटीचं बघा ना. पैसे देऊ की."

त्यांनी अंगणातल्या लाकडांच्या छोट्या राशीकडे बोट दाखवलं. "साहेब, हे सकाळच्या पाण्याचं लाकूड हाये. आता जाळलं तं सकाळी काय करसान?"

आमच्यातल्या एकाने पाचशेची नोट काढली. (खरं सांगतो, मीच काढली.) काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आपल्या घरामागून दोन खेपांत लाकूड घेऊन आले. रात्री बारापर्यंत ब्लूटूथ स्पीकरवर जुनी गाणी, फोटो, रील, सगळं यथासांग झालं. सकाळी उजाडताना खिडकीतून बघितलं, तर त्यांची बायको कुऱ्हाड आणि दोर घेऊन निघाली होती. आम्ही जाळली ती तिच्या चुलीची लाकडं होती, हे कळायला मला इतका वेळ लागला.

आता आपण इंजिनियर लोक, तेव्हा हिशोब करू. वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण 15 ते 16 मेगाज्यूल ऊर्जा असते. वीजबिलाच्या भाषेत चार युनिटच्या जरा वर. 20 लिटरची बादली 15 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला लागतात फक्त 0.7 युनिट. बंबातली पाच भागांपैकी चार भाग उष्णता वाया गेली असं धरलं, तरी एका बादलीला किलोभर लाकूड पुरतं. आम्ही त्या रात्री माझ्या अंदाजाने 30 किलो जाळलं. म्हणजे 120 युनिट! आमच्या टू बीएचकेचं महिन्याचं बिल साधारण तेवढ्याच युनिटचं येतं. आणि एवढं जाळून ती उष्णता गेली कुठे? वर आकाशात. समोरून तोंड भाजतंय आणि पाठ तशीच गारठलेली. असं डिझाइन कोणी रिव्ह्यूला आणलं असतं तर आपण त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की पडलेलं लाकूडच तर जाळतो, झाडं कुठे तोडतोय? पण जंगलात पडलेलं लाकूड म्हणजे कचरा नव्हे. त्यात वाळवी असते, भुंगेरे असतात, त्यांच्या अळ्या असतात, पावसाळ्यात त्यावर अळंबी उगवते. अस्वल असला ओंडका फोडून वाळवी खातं. सुतार पक्ष्याचं जेवण तिथेच. आणि उरलंसुरलं जे गावातल्या बाया मोळी बांधून नेतात, त्यावर घरातला स्वयंपाक होतो. एक मोळी म्हणजे वीस-पंचवीस किलो. आमची एक रात्र म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरची सव्वा मोळी.

दुसरं उत्तर, वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात, डिसेंबरात काय होतंय? गवत दिवाळीनंतरच वाळायला लागतं, आणि ठिणगीला कॅलेंडर वाचता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 30 प्रमाणे, अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं गुन्हा आहे. कलम 35 ने हाच नियम राष्ट्रीय उद्यानालाही लावलाय. आम्ही रात्री निखारे तसेच सोडून झोपायला गेलो होतो. धोका झाला नाही, कारण काकांनी मागाहून त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. तेही गार पाण्यात हात घालून.

अजून एक गोष्ट आपल्याला त्या सहलीच्या फोटोंत दिसत नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत बोरी, कोहा, कुंड ही कोरकू गावं मेळघाटच्या गाभ्यातून उठवून बाहेर वसवली गेली. पुढे आणखीही गावं गेली. वाघासाठी माणसांनी घरं सोडली, शेतं सोडली, देवांच्या जागा सोडल्या. ते योग्य होतं की नाही हा मोठा वाद आहे, तो एका वीकांतात सुटणारा नाही. पण ज्या शांततेसाठी लोकांना घर सोडावं लागलं, तिथे जाऊन आपण स्पीकर लावायचा? ज्या लाकडासाठी त्यांना शंभर नियम, ते आपण मजा म्हणून जाळायचं?

आगच वाईट असं मी म्हणत नाहीये. माझा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात आहे. जानेवारीत त्याला रात्रपाळीला सोडायला गेलो की गेटजवळ सिक्युरिटीवाले पॅलेटच्या फुटक्या फळ्या पेटवून शेकत बसलेले दिसतात. बारा तासांची ड्यूटी, पत्र्याची केबिन, अंगावर पातळ जॅकेट. ती आग गरजेची आहे, आणि ती विझवायची असेल तर आधी त्यांना जाड जॅकेट आणि नीट बंद होणारी केबिन द्यायला हवी. आमच्याकडे मात्र क्रेडिट कार्ड होतं, महिनाभर आधी ठरलेला प्लॅन होता, आणि तरी जॅकेट नव्हतं. आमची आग हा आमचा आळस होता.

"मग गिझर बसवा की राव!" हे तिसरं उत्तर. एकदा गिझर आला की जनरेटर येणार, त्याच्या मागे टीव्ही, मग डीजे. ज्यांना गिझर हवाय त्यांनी चिखलदऱ्याला हॉटेलात राहावं, त्यात कमीपणा काही नाही. छपरावर सोलर बसवून सकाळी बादलीभर पाणी मिळालं तर उत्तमच. पण साध्या खोलीला जाऊन ती साधी आहे म्हणून एक स्टार द्यायचा, हे डोसा मागवून त्याला पुरणपोळी नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे. स्थानिकांना पैसे द्यायचेत? जरूर द्या. गाइडला द्या, जेवणाला द्या, भरपूर द्या. त्यांची चूल विकत घेऊ नका, एवढंच.

तर मंडळी, जंगलात थंडीत जायचं तर ऊब घरून न्या. स्लीपिंग बॅग, आतून घालायचे थर्मल, लोकरीची टोपी, दोन जोड मोजे, आणि आजीकडे असते ती रबराची गरम पाण्याची पिशवी. रात्रीच्या जेवणाच्या वेळी चुलीवर तापलेलं लिटरभर पाणी त्यात भरा, पायाशी घ्या. दिवे मालवा. बाहेर काय चालतं ते तेव्हाच ऐकू येतं. शेकोटीभोवती बसून आम्हाला त्या रात्री फक्त आमचाच आवाज ऐकू आला.

या जानेवारीत परत त्याच खोल्या घेतल्यात. या वेळी आम्ही चौघंच आहोत, दोघांनी शेकोटी नाही म्हटल्यावर नाव मागे घेतलं. असो. काकांसाठी आणि काकूंसाठी दोन जाड स्वेटर घेतलेत. लाकडाची परतफेड त्याने होत नाही, हे मला माहीत आहे.