स्वस्त आणि किफायतशीर

शाळेचे विज्ञान प्रदर्शन जवळ आले, की इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली मुले सामानाची यादी करू लागतात. बॅटरी, एलईडी, रेझिस्टर, आयसी आणि कपॅसिटर. यांपैकी कपॅसिटरपाशी पुष्कळांची गाडी अडते. हव्या त्या मापाचा कपॅसिटर जवळच्या दुकानात नसतो आणि असला तर दुकानदार सांगेल ती किंमत द्यावी लागते. मग 'हा छंद पैसेवाल्यांचा आहे,' असे म्हणून मुले प्रकल्पच सोडून देतात. मला हे म्हणणे पटत नाही. कपॅसिटर महाग नाही. तो एकट्याने मिळवणे महाग आहे.

विद्यार्थी मित्रांनो, कपॅसिटर हा विद्युतभार साठवणारा एक लहानसा भाग आहे. धातूचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा एक पदार्थ, एवढीच त्याची मूळ रचना. घरातली टाकी पाणी साठवते आणि लागेल तसे देते. कपॅसिटर विजेच्या बाबतीत असेच काम करतो. तो किती भार साठवू शकतो, हे फॅरड या एककात मोजतात. फॅरड हे फार मोठे माप असल्यामुळे आपल्या प्रकल्पांत त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरतात.

आता खर्चाचा हिशोब करू. साधा सिरॅमिक कपॅसिटर सुटा घेतला, तरी एक-दोन रुपयांत मिळतो. परंतु तो आणण्यासाठी भिवंडीच्या मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जायचे ठरवले, तर जाण्यायेण्याचे भाडे मालाच्या किमतीहून कितीतरी अधिक होते. मालेगावच्या मुलाचे तर विचारूच नका. टपालाने मागवावे, तर दहा रुपयांच्या मालावर टपालखर्चच जास्त बसतो. म्हणजे पैसे जातात ते वस्तूवर नव्हे, वाटेवर. तीस मुलांनी एकच यादी करून एकदाच माल मागवला, तर हा वाटखर्च तीस जणांत वाटला जाईल.

यादी करतानाही विचार हवा. पुस्तकातल्या आकृतीत जो आकडा असतो, अगदी तोच मिळाला पाहिजे, असा अनेकांचा हट्ट असतो. तो बहुतेक वेळा अनावश्यक आहे. ५५५ आयसी वापरून एलईडीची उघडझाप करायची असेल, तर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर घ्या. त्याच्याबरोबर १० किलोओहम आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर जोडले, तर दिवा सेकंदाला सुमारे एकदा लागतो. अशा कपॅसिटरच्या मापात वीस टक्के कमीअधिक फरक कारखान्यातच गृहीत धरलेला असतो. मग ९.४ मायक्रोफॅरडने काय बिघडणार? ४.७ चे दोन कपॅसिटर समांतर जोडले, की ९.४ होतात. १० चे दोन एकसरीत जोडले, की ५ होतात. चार-पाच ठराविक मापे जवळ असली, की बाकीची मापे आपणच तयार करू शकतो. ९ व्होल्टच्या बॅटरीसाठी १६ किंवा २५ व्होल्टचा कपॅसिटर पुरतो. त्याच मापाचा जास्त व्होल्टचा कपॅसिटर बहुधा आकाराने मोठा आणि महाग असतो.

'किफायत' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही परिचयाचा आहे. स्वस्त आणि किफायतशीर यांत फरक आहे. नाव-गाव नसलेला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर कधीकधी फारच कमी किमतीत मिळतो. बाहेर मोठे आवरण आणि आत लहान कपॅसिटर, असा फसवा मालही बाजारात सापडला आहे. सन २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर फुगल्यामुळे असंख्य संगणक बंद पडले होते. दोन रुपये वाचवून सगळा प्रकल्प बंद पडत असेल, तर तो माल स्वस्त असेल, किफायतशीर नाही.

काही जण म्हणतील, 'विकत कशाला घ्यायचे? भंगारात पुष्कळ कपॅसिटर असतात.' हे म्हणणे अर्धे खरे आहे. बॅटरीवर चालणारी जुनी खेळणी आणि रेडिओ यांतले सिरॅमिक कपॅसिटर अनेकदा चांगले निघतात. इलेक्ट्रोलायटिक मात्र काळाने आणि उष्णतेने आतून सुकतात, म्हणून ते मीटरवर मोजूनच वापरावेत. परंतु घरातल्या विजेवर चालणारी वस्तू कधीही उघडू नका. चार्जर आणि सीएफएल दिवा यांतला कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो. मायक्रोवेव्ह ओव्हन तर याहूनही घातक आहे. प्लग काढल्यानंतरही आतला भार शिल्लक राहू शकतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. फुकटच्या वस्तूसाठी एवढी किंमत मोजू नये.

म्हणून माझे असे मत आहे, की प्रत्येक माध्यमिक शाळेत सुट्या भागांची एक पेटी असावी. जसे ग्रंथालयातून पुस्तक घेतो, तसे पेटीतून भाग घ्यावेत, वहीत नोंद करावी आणि काम झाल्यावर परत करावेत. ब्रेडबोर्डवर जोडणी केली, की डाग द्यावा लागत नाही, त्यामुळे तोच कपॅसिटर पुढच्या वर्षीच्या मुलांनाही उपयोगी पडतो. मोजण्यासाठी एक मीटर शाळेने घ्यावा. इलेक्ट्रोलायटिक उलटा जोडल्यास तापतो आणि फुटूही शकतो. त्यावरचा पट्टा ऋण टोकाकडे असतो, ही सूचना पेटीच्या झाकणावरच लिहावी. शाळेकडे पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. प्रदर्शनाच्या वेळी थर्माकोल आणि रंगीत कागद यांवर जो खर्च होतो, त्याच्या काही भागातही अशी पेटी भरेल.

फॅरड हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते मायकेल फॅरडे इंग्लंडमधल्या एका लोहाराचे पुत्र. त्यांचा जन्म १७९१ साली झाला. लहानपणी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत. तेथे बांधायला आलेली पुस्तके वाचून त्यांना विजेची गोडी लागली. प्रयोगासाठी त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून दोन बाटल्या घेतल्या. एकीचे विद्युतयंत्र केले आणि लहान बाटलीचा लायडन जार केला. लायडन जार म्हणजे त्या काळचा कपॅसिटरच. फॅरडे यांना प्रयोगाचे सामान एकट्याने, पै-पै करून जमवावे लागले. आज एका वर्गात तीस-चाळीस मुले एकत्र बसतात. त्यांच्यापैकी एकाचाही प्रयोग दोन रुपयांच्या भागासाठी अडू नये.