दिल्लीत भुरभुर, पहाडात बर्फ

जानेवारीत दिल्लीवर ढग दाटले, रात्रीची बोचरी थंडी एकाएकी कमी झाली आणि पावसाची भुरभुर सुरू झाली, की करोलबागपासून गुडगावपर्यंत घराघरांत एकच विषय निघतो, ''मनालीला बर्फ पडणार, निघायचं का?'' सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला, तर विचारूच नका!

ही भुरभुर आणि पहाडातला बर्फ एकाच पश्चिमी झंझावाताची देणगी. हिंदी बातम्यांत त्यालाच 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. दिल्लीचा हवामान विभाग त्याची सूचना काही दिवस आधी देतो. पण बर्फ किती पडेल हे कळणे वेगळे आणि पडलेला बर्फ डोंगरावर टिकेल की नाही, हे कळणे वेगळे. हे दुसरे काम चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था करते. तिच्या सूचनेकडे मात्र सहलीच्या धांदलीत कोण पाहतो?

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर हिमस्खलनात सापडले. त्यांतले ८ दगावले. चमोली जिल्ह्यासाठी इशारा आदल्याच संध्याकाळी दिलेला होता.

नवा बर्फ जुन्या थरावर नुसता टेकलेला असतो. त्यातून वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या उतारावर त्याचे ओझे चढवतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक, कारण त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही. अशा उतारावर कधी एका माणसाचे वजनही पुरते.

वादळ चालू असताना आपण हॉटेलात रजई घेऊन बसतो. खरी गफलत होते ती दुसऱ्या दिवशी. आकाश निळे, ऊन लख्ख, मुले हट्टाला पेटलेली. नेमका तेव्हाच ताजा बर्फ सर्वांत बेभरवशाचा असतो. आणि हे केवळ हिवाळ्याचे दुखणे नव्हे. सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर ७ पर्यटकांचा बळी गेला तो ४ एप्रिल २०२३ रोजी. परवानगी तेराव्या मैलापर्यंतचीच असताना पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले.

गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर निघाला, तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. बाहेरून मदत इतक्या लवकर कुठून येणार?

म्हणून झंझावाताची सूचना असेल, तर सहलीत एक दिवस मोकळा ठेवा. हॉटेलचे पैसे वाया जातात हे खरे, पण स्थानिक टॅक्सीवाला ''आज नको'' म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. मुलांना बर्फाचा बाहुला करायचाच असेल, तर हॉटेलचे सपाट अंगण आहेच.