वाघाच्या गळ्यात पट्टा, माणसाच्या हाती काय?

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांना वाघाने ठार केले. एकाच दिवशी, एकाच जंगलात तीन. त्या महिन्यात जिल्ह्यात आणखीही बळी गेले. बातम्या आल्या, ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ असे ठरलेले मथळे आले आणि विषय संपला. संघर्ष हा शब्द दोन तुल्यबळ पक्षांसाठी वापरतात. पहाटे कोरभर भाकरी फडक्यात बांधून निघालेली बाई आणि वाघ यांच्यात कसला आला आहे संघर्ष?

तेंदूपत्त्याचे काम ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. हंगाम उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात आणि मोजक्या दिवसांचा असतो. पान निबर होण्याआधीच तोडावे लागते. उजाडण्यापूर्वी जंगल गाठायचे, कमरेएवढ्या झुडपांची पाने वाकून तोडायची, ऊन चढले की घरी परतायचे, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पैसे पुड्यांच्या मोजणीवर मिळतात, म्हणून जो जास्त आत जातो त्याचे पुडे जास्त होतात. वाकलेला माणूस मागून वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, हे वनखात्याची माणसेही सांगतात. तरीही बाया जातात. कारण पेरणीच्या तोंडावर बियाण्याचा आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा पैसा इथूनच उभा राहतो. ‘जंगलात जाऊ नका’ असा फलक लावणाऱ्याने हा पैसा दुसरीकडून कोठून येईल तेही त्याच फलकावर लिहावे.

प्रथमच स्पष्ट केलेले बरे : वाघ वाचला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ होते, २०२२ च्या अंदाजानुसार ते ३६८२ झाले. महाराष्ट्रात १०३ चे ४४४ झाले. ही वाढ आनंदाची आहे. पण हे वाघ सगळेच अभयारण्याच्या कुंपणात राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागासारख्या, व्याघ्र प्रकल्प नसलेल्या मुलखातही ते मोठ्या संख्येने आहेत. तेथे धानाची बांधी, गावाची गायरान आणि वाघाची वाट एकच आहे. म्हणजे वाघ वाढवण्याचे श्रेय ज्या खात्याला मिळते, त्या वाढीचा भार त्या खात्याच्या कार्यालयात राहत नाही. तो वाहणाऱ्यांत खात्याची सर्वांत खालची माणसेही आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले, हे आपण विसरता कामा नये.

आता वन्यजीव व्यवस्थापनात नव्या पद्धती आल्या आहेत. वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर, झाडाला कॅमेरा ट्रॅप, आकाशात ड्रोन, वनरक्षकाच्या मोबाइलमध्ये गस्तीची नोंद. ताडोबाजवळच्या सीतारामपेठ गावाभोवती वाघ आला की इशारा देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा बसवली गेली. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले. त्यांतला सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा आहे. त्यांतून वाघ जातात, हे कॅमेऱ्याने दाखवले. ताडोबाच्या जंगलातल्या वाघिणी मे २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात नेऊन सोडल्या. यातले बरेचसे चांगले आहे. विज्ञानाला नाके मुरडणारी आपली परंपरा नाही.

परंतु यंत्र कोणाच्या हातात आहे आणि ते कोणाकडे रोखलेले आहे, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कोणी? उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने चौदा महिने राहून २७० रहिवाशांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१७ सालची एक घटना नोंदवली आहे. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात शौचाला बसलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र टिपले गेले आणि स्थानिक पुरुषांनी ते मोबाइलवर फिरवले. ती स्वमग्न होती आणि वंचित जातीतील होती. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद तर प्रत्येक वनाधिकाऱ्याने वाचावी. तेथील बायका सरपणाला जाताना मोठ्याने गाणी म्हणत. त्यांचा आवाज ऐकून हत्ती-वाघ दूर सरत. कॅमेरा ऐकतो-पाहतो या भीतीने त्या गप्प राहू लागल्या, अनोळखी आडवाटांनी जाऊ लागल्या. अभ्यासकाशी बोललेल्या स्त्रियांपैकी एकीला पुढे वाघाने मारले. बाईचे गाणे ही तिची स्वतःची सुरक्षा-यंत्रणा होती. कोणत्याही अर्थसंकल्पात तिची तरतूद नव्हती, म्हणून ती मोडली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

माणूस हटवला की जंगल वाचते, ही समजूत जुनी आहे. तिची परीक्षा सरिस्कात झाली. पहारा होता, निधी होता, आणि तरी २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने स्थानिक लोकांना शत्रू मानून वाघ वाचणार नाही, असे सांगितले. २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी वनहक्क कायदा संसदेने मंजूर केला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून गाव हलवायचे तर आधी लोकांचे वनहक्क मान्य झाले पाहिजेत, ग्रामसभेची आणि बाधित माणसांची स्वेच्छेची, माहितीपूर्ण संमती पाहिजे, हे कायद्यात लिहिलेले आहे.

आणि व्यवहारात? १९ जून २०२४ रोजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवले : गाभा क्षेत्रातील ५९१ गावे, ६४,८०१ कुटुंबे अजून उठायची आहेत, त्यांच्या पुनर्वसनाला प्राधान्य द्या, कालमर्यादा ठरवा. ज्याला कालमर्यादा ठरलेली आहे त्याला स्वेच्छा म्हणतात काय? मध्य प्रदेशातल्या कुनोत गीरचे सिंह आणायचे म्हणून १९९८ ते २००३ या काळात २४ गावे उठवली. त्यांतले बहुसंख्य लोक सहारिया आदिवासी. सिंह आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आदेश देऊनही आले नाहीत. २०२२ मध्ये त्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर नामिबियाचे चित्ते उतरले. सहारियांना कोणासाठी उठवले होते, हे त्यांना आता कोणी समजावून सांगावे?

येथे आपल्या वाचकांपैकी काही म्हणतील, हा आदिवासी बांधवांचा प्रश्न आहे, आपण पाठिंबा देऊ. पाठिंबा द्यायचाच, पण तो आपलाही प्रश्न आहे. पूर्व विदर्भातल्या जंगलकाठच्या गावांत बौद्ध वस्ती आहे, ढिवर आहेत, इतर भूमिहीन जाती आहेत. तेंदूपत्ता, मोहफूल, सरपण यांवर त्यांचाही चूल-संसार चालतो. वनहक्क कायदा त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणतो आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे राहून वनावर उपजीविका करत असल्याचा पुरावा मागतो. म्हणजे १९३० चा. १९३० साली चांदा जिल्ह्यात मालगुजारी होती. कागद मालगुजाराच्या घरात लिहिला जाई. त्याच्या शेतात राबणाऱ्या आणि जंगलावर जगणाऱ्या माणसाचे नाव त्या कागदात कोण लिहिणार होते? ज्यांना शतकानुशतके कागदापासून दूर ठेवले त्यांच्याकडेच कागद मागायचा आणि तो नाही म्हणून दावा फेटाळायचा, ही पद्धत आपल्याला नवी नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत तुरुंगात गेलेल्यांना ती चांगली ठाऊक होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला तेव्हा देशभरातील लाखो कुटुंबांवर टांगती तलवार आली. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, एवढेच.

वास्तविक कायद्याच्या नियमात वाट आहे. लेखी कागद नसेल तर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून चालते. अमुक एकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. आणि सामूहिक वनहक्क ग्रामसभेचा असतो, तो जातवार वाटला जात नाही. ग्रामसभेत एक तृतीयांश स्त्रिया हजर असल्याच पाहिजेत. हे किती गावांत सांगितले गेले?

सांगितले गेले तेथे काय घडते ते चंद्रपूर जिल्ह्यातच पाहता येते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूची विक्री ग्रामसभेच्या हाती आली, गावात काम मिळाले. मग याच ग्रामसभेने ठरवले की तेंदूपत्ता तोडायचा नाही. कारण त्यासाठी झाडे छाटतात, आगी लावतात, आणि फळ पक्ष्यांना व माणसांना मिळत नाही. चौतीस हेक्टर जंगल त्यांनी आपणहून राखून ठेवले. माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल वारंवार लिहिले. पहाटे जंगलात जाऊ नका, असा फलक तेथे लावावा लागला नाही. बांबूचा पैसा हातात होता म्हणून तेंदू सोडता आला. कर्नाटकातील बिळीगिरी रंगनाथ डोंगरातल्या सोलिगा आदिवासींना व्याघ्र प्रकल्पाच्या आतच २०११ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. तेथे २०१० साली ३५ च्या आसपास असलेले वाघ २०१४ पर्यंत जवळपास दुप्पट झाले. ताडोबा हे नावसुद्धा तारू या गोंडांच्या देवावरून आले असे सांगतात. वाघाशी लढताना मेलेल्या माणसाला तेथे देव केले आणि वाघही राहू दिला.

महाराष्ट्रात वाघाने माणूस मारला तर वारसाला २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. ती रक्कम वाढवली हे बरेच झाले. पण ती मेल्यावर मिळते. जिवंतपणी त्या बाईला जंगलात जाण्याची वेळ, वाट आणि सोबत ठरवण्याच्या बैठकीत जागा मिळत नाही. कॉलर लावलेली वाघीण आज कोणत्या बीटात आहे हे खात्याला कळते. ते फळीवर संध्याकाळी का सांगितले जात नाही?

पुढचा हंगाम मे महिन्यात आहे. सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी या तालुक्यांत आपल्या शाखा आहेत. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून किती दावे दाखल झाले, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने, याची गाववार यादी उपविभागीय समितीकडे माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. तो फेब्रुवारीत गेला तर उत्तर मार्चमध्ये येईल, आणि तेंदूपत्त्याचे लिलाव गावोगाव चालू असतानाच ग्रामसभेपुढे ठेवता येईल.